महामारी आणि परक्या दारचे श्रम : फिलिपिनी स्थलांतरित कामगारांच्या हालअपेष्टांचा ऐतिहासिक परामर्श (२०२०-२०२२)

प्रस्तावना

महामारीचा इतिहास लिहिताना रुग्णांची व मृतांची संख्या हे पहिले साधन मानले जाते. त्याच काळाचा आर्थिक इतिहास लिहिताना उत्पन्नाचे आणि देवघेवीचे आकडे पुढे येतात. या दोन्ही प्रकारच्या आकड्यांत न मावणारा एक वर्ग आहे. मायदेशाबाहेर, परक्याच्या घरी, जहाजावर अथवा रुग्णालयात राबणारा स्थलांतरित कामगार हा तो वर्ग होय. कोविड-१९ च्या महामारीत फिलिपाईन्सच्या संदर्भात ही उणीव ठळकपणे जाणवते. २०१९ साली परदेशस्थ फिलिपिनी लोकांनी बँकांमार्फत मायदेशी ३०.१३ अब्ज डॉलर पाठविले होते. २०२० साली, जगाचे व्यवहार थंडावलेले असताना, ही रक्कम २९.९० अब्ज डॉलर इतकी भरली. म्हणजे घट एका टक्क्याहूनही कमी होती. त्याच वर्षी फिलिपाईन्स सरकारने सुमारे ३ लाख २७ हजार परदेशस्थ नागरिकांना मायदेशी परत आणले.

या दोन आकड्यांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. पैशाचा ओघ टिकून राहिला, यावरून कामगार सुरक्षित होते असा निष्कर्ष काढता येत नाही. साथीचा खर्च बव्हंशी कामगारांनी स्वतःच सोसला, म्हणून तो ओघ टिकला. हे भोग केवळ एका विषाणूमुळे ओढवले, असेही म्हणता येत नाही. गेल्या शतकभरात, आणि विशेषतः १९७४ नंतर, श्रमिकांच्या परदेशगमनाची जी व्यवस्था उभी राहिली, तिच्या घडणीतच त्यांची मुळे होती. ही व्यवस्था माणसे पाठविण्यासाठी रचलेली होती, परत घेण्यासाठी नव्हे. महामारीने हे वैगुण्य उघडे पाडले.

श्रमनिर्यातीची घडण

फिलिपिनी श्रमिकांच्या संघटित स्थलांतराचा आरंभ १९०६ साली झाला. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकी अंमलाखालील फिलिपाईन्समधून पंधरा मजुरांची पहिली तुकडी हवाई बेटांवरील उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी रवाना झाली. मळ्यांवरील या मजुरांना पुढे 'साकादा' हे नाव पडले. देश स्वतंत्र झाल्यानंतरही परिचारिका, खलाशी व मजूर यांचे परदेशगमन चालू राहिले. परंतु त्याला राज्यसंस्थेच्या धोरणाचे स्वरूप आले ते फर्डिनांड मार्कोस यांच्या लष्करी कायद्याच्या काळात.

१ मे १९७४ रोजी मार्कोस यांनी कामगार संहितेवर स्वाक्षरी केली. १९७३ च्या तेलदरवाढीने देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटत होती, तर त्याच दरवाढीमुळे आखाती देशांत बांधकामाची लाट उसळली होती. देशातील बेकारी आणि परदेशातील मागणी यांची सांगड घालण्याचे काम सरकारने आपल्याकडे घेतले. संहितेनुसार परदेशी कामगारभरतीसाठी स्वतंत्र मंडळे स्थापन झाली, आणि कमाईचा काही भाग मायदेशी पाठविणे कामगारांवर बंधनकारक करण्यात आले. १९८२ साली ही मंडळे एकत्र करून परदेशी रोजगार प्रशासन अस्तित्वात आले. तात्पुरता उपाय म्हणून सुरू झालेली ही योजना कायमची होऊन बसली.

मार्कोस यांच्यानंतर सत्तेवर आलेल्या कोराझोन अकिनो यांनी १९८८ साली हाँगकाँगमधील फिलिपिनी घरकामगार स्त्रियांसमोर बोलताना त्यांचा 'बागोंग बायानी', म्हणजे 'नवे वीर', असा गौरव केला. हे बिरुद पुढे रूढ झाले. मात्र १७ मार्च १९९५ रोजी सिंगापूरमध्ये फ्लोर कोन्तेम्प्लासिओन या फिलिपिनी घरकामगार स्त्रीला फाशी देण्यात आली, तेव्हा वीरांच्या पाठीशी त्यांचे सरकार किती उभे राहते, हा प्रश्न देशभर विचारला गेला. त्या क्षोभातूनच त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांविषयीचा कायदा संमत झाला. आर्थिक वाढ टिकविण्याचे साधन म्हणून राज्य परदेशी रोजगाराला उत्तेजन देत नाही, असे तत्त्व या कायद्यात नमूद आहे. प्रत्यक्षात महामारीच्या तोंडावर, २०१९ साली, सुमारे २२ लाख फिलिपिनी परदेशात कंत्राटी वा तत्सम कामावर होते. त्यांत ५६ टक्के स्त्रिया होत्या. त्यांनी आणि परदेशी स्थायिक झालेल्या फिलिपिनी लोकांनी पाठविलेला पैसा राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे नऊ टक्के होता. कायद्यातील तत्त्व आणि तिजोरीचा व्यवहार यांतील हे अंतर पुढील विवेचनात ध्यानी घेणे आवश्यक आहे.

पूर्वीच्या साथींचे दाखले

कोविडच्या काळात जे घडले त्याचे पूर्वरूप इतिहासात आढळते. १९२० साली हवाईमधील ओआहू बेटावर फिलिपिनी व जपानी मळेकामगारांनी वेतनवाढीसाठी संप पुकारला. फिलिपिनी कामगारांचे नेतृत्व पाब्लो मान्लापित यांच्याकडे होते. कामगार मळ्यांवरील मालकांच्या घरांतून राहत असत. संप मोडण्यासाठी मळेमालकांनी हजारो संपकऱ्यांना बायकामुलांसह त्या घरांतून बाहेर काढले. त्याच सुमारास बेटावर इन्फ्लुएन्झाची साथ पसरली होती. होनोलुलूत मिळेल त्या आसऱ्याला दाटीवाटीने राहिलेल्या या कुटुंबांत अनेक जण दगावले. घर मालकाचे असेल, तर काम सुटताच छप्परही सुटते आणि साथीच्या दिवसांत छप्पर सुटणे प्राणांवर बेतू शकते, हा धडा त्या घटनेने दिला.

दुसरा दाखला २००३ च्या सार्स साथीचा. या साथीत हाँगकाँगमध्ये १,७५५ रुग्ण आढळले आणि २९९ जण मृत्युमुखी पडले. घराची साफसफाई, आजाऱ्यांची शुश्रूषा, बाजारहाट ही सर्व जोखमीची कामे घरकामगार स्त्रियांकडेच होती. याच वर्षी हाँगकाँग सरकारने त्यांचे किमान मासिक वेतन ३,६७० हाँगकाँग डॉलरवरून ३,२७० पर्यंत खाली आणले. वेतनकपातीचा निर्णय साथीमुळे झाला नव्हता. परंतु साथ ऐन भरात असताना, १ एप्रिलपासून, तो लागू झाला. त्याच वर्षापासून घरकामगाराने मालकाच्याच घरी राहिले पाहिजे, हा दंडक सक्तीचा झाला. करार संपुष्टात आल्यावर दोन आठवड्यांत प्रदेश सोडण्याचा नियम तर १९८७ पासूनच होता. या दोन नियमांचे परिणाम पुढे २०२२ मध्ये दिसून आले.

बंद झालेल्या सीमा

२ फेब्रुवारी २०२० रोजी चीनबाहेरील पहिल्या कोविड-मृत्यूची नोंद फिलिपाईन्समध्ये झाली. त्याच दिवशी सरकारने चीन, हाँगकाँग व मकाव येथील प्रवासावर बंदी घातली. सुटीवर गावी आलेल्या घरकामगार स्त्रिया अडकून पडल्या. ठरलेल्या दिवशी कामावर रुजू न झाल्यास नोकरी जाणार, आणि भरतीसाठी काढलेले कर्ज मात्र मागे राहणार, अशी त्यांची कोंडी झाली. १८ फेब्रुवारी रोजी हाँगकाँग व मकाव येथील कामगारांना बंदीतून सवलत मिळाली. रोगाच्या भीतीपेक्षा कर्जाची भीती अधिक बळकट असल्याने त्यातील अनेकींनी साथीच्या दिशेनेच प्रवास केला.

हाँगकाँगमध्ये जानेवारीच्या अखेरीस सरकारने घरकामगारांना साप्ताहिक सुटीच्या दिवशीही घरीच थांबण्याचे आवाहन केले. वरवर ते आरोग्याच्या हिताचे होते. परंतु जिचे कामाचे ठिकाण हेच राहण्याचे ठिकाण आहे, तिच्या बाबतीत घरी थांबणे म्हणजे सातवा दिवसही कामात जाणे. मालकांचे कुटुंब दिवसभर घरात असल्याने स्वयंपाक, सफाई व मुलांची देखभाल यांचा भार आधीच वाढला होता. मे २०२१ मध्ये तेथील सर्व, म्हणजे सुमारे ३ लाख ७० हजार, परदेशी घरकामगारांना चाचणी सक्तीची करण्यात आली. त्यांच्या मालकांना ही सक्ती नव्हती. करार मंजूर होण्यासाठी लस घेतलीच पाहिजे, असा प्रस्तावही त्या वेळी पुढे आला. तो भेदभावाचा असल्याची टीका झाल्यानंतर मागे घेण्यात आला. फेब्रुवारी २०२२ मधील पाचव्या लाटेत तर काही घरकामगार स्त्रियांना बाधा झाल्याचे कळताच मालकांनी घराबाहेर काढले. रुग्णालयांत जागा नव्हती, परत जाण्यास घर नव्हते. थंडीच्या दिवसांत बागेत अथवा रुग्णालयाबाहेर उघड्यावर रात्र काढण्याची वेळ त्यांच्यावर आली. आजारी कामगाराला काढून टाकणे बेकायदेशीर असल्याचे सरकारने जाहीर केले, तरी प्रत्यक्ष आसरा दिला तो मुख्यतः स्वयंसेवी संस्थांनी. १९२० च्या ओआहूची ही शंभर वर्षांनंतरची पुनरावृत्ती होती.

तैवानमध्ये हा भेद अधिक उघड झाला. जून २०२१ मध्ये मियाओली परगण्यातील इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत साथ पसरली, तेव्हा तेथील प्रशासनाने स्थलांतरित कामगारांना कामावर जाण्यायेण्याव्यतिरिक्त वसतिगृहाबाहेर पडण्यास मनाई केली. स्थानिक नागरिकांवर असे बंधन नव्हते. कामगाराचे श्रम चालतात, पण त्याचा वावर चालत नाही, हेच सूत्र या आदेशामागे होते.

आखाती देशांतील कोंडी

२०१९ मध्ये परदेशस्थ फिलिपिनी कामगारांपैकी पाचातील एकाहून अधिक एकट्या सौदी अरेबियात होते. आखाती देशांत 'कफाला' पद्धतीने कामगाराचा वास्तव्याचा परवाना मालकाशी बांधलेला असतो. महामारीत बांधकामे थांबली, उपाहारगृहे व दुकाने बंद झाली, तेलाचे भाव कोसळले. वेतन थकले तरी मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलणे अवघड होते, आणि विमाने बंद असल्याने परत जाणेही अशक्य होते.

विस्थापित कामगारांसाठी फिलिपाईन्स सरकारने एप्रिल २०२० मध्ये एकवेळ १० हजार पेसो अथवा २०० डॉलर मदत देणारी योजना सुरू केली. हाँगकाँगमधील घरकामगाराचे किमान मासिक वेतन त्या वेळी साधारण ३० हजार पेसोंच्या आसपास होते. म्हणजे ही मदत दहा दिवसांच्या कमाईएवढी होती. तीही सर्वांना पुरली नाही, कारण अर्जांची संख्या उपलब्ध निधीच्या कितीतरी पुढे गेली. याच सुमारास राष्ट्रीय आरोग्य विम्याचा हप्ता परदेशस्थ कामगारांसाठी उत्पन्नाच्या तीन टक्के करण्याचा निर्णय जाहीर झाला. कमाई बुडालेल्या लोकांवर नवा भार टाकल्याबद्दल प्रचंड रोष उसळला, आणि मे २०२० मध्ये तत्कालीन अध्यक्ष रोड्रिगो दुतेर्ते यांनी तो हप्ता ऐच्छिक केला.

मृतांचीही परवड चुकली नाही. सौदी अरेबियात निधन पावलेल्या शेकडो फिलिपिनी कामगारांचे देह विमानांअभावी तेथील शवागारांत पडून होते. जुलै २०२० मध्ये ते मायदेशी आणण्यास प्रारंभ झाला. परंतु कोविडने मृत झालेल्यांचे दफन तेथेच करण्याचे ठरले. मृताजवळ रात्री जागवण्याची फिलिपिनी कॅथलिक कुटुंबांची परंपरा लक्षात घेता, परक्या वाळूत झालेले हे दफन घरच्यांसाठी किती असह्य असेल, याची कल्पना करता येते.

समुद्रावरील टाळेबंदी

जगातील खलाशांपैकी सुमारे एक चतुर्थांश फिलिपिनी असल्याचे मानले जाते. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात विलगीकरणात ठेवलेल्या 'डायमंड प्रिन्सेस' या प्रवासी जहाजावर ३,७११ माणसे होती. त्यांपैकी ७१२ जणांना बाधा झाली. जहाजावरील ५३८ फिलिपिनींपैकी बहुतेक सर्व कर्मचारी होते. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद असताना कर्मचारी मात्र त्यांना जेवण पोहोचवीत होते, आणि स्वतः सामायिक खोल्यांत झोपत होते. विलगीकरणाचा अर्थ प्रवाशांसाठी विश्रांती आणि कर्मचाऱ्यांसाठी अधिक काम असा झाला.

पुढील महिन्यांत बंदरांनी खलाशांना उतरविण्यास नकार दिल्याने जगभर मोठा पेच निर्माण झाला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अंदाजानुसार २०२० च्या अखेरीस सुमारे ४ लाख खलाशी कराराची मुदत संपूनही जहाजांवर अडकलेले होते. मे २०२० मध्ये मनिलाच्या उपसागरात वीसहून अधिक प्रवासी जहाजे नांगरून उभी होती. त्यांवरील हजारो फिलिपिनी कर्मचाऱ्यांना आपली राजधानी नजरेच्या टप्प्यात दिसत होती, पण चाचणीच्या अहवालावाचून किनाऱ्यावर पाऊल ठेवता येत नव्हते. अनेकांचे करार संपल्याने वेतनही बंद झाले होते.

या प्रसंगाचा कोकण किनाऱ्याशी थेट संबंध होता. गोव्याचे तारवटी आणि मुंबईकर कर्मचारी अशाच प्रवासी जहाजांवर फिलिपिनींच्या खांद्याला खांदा लावून काम करीत. 'डायमंड प्रिन्सेस'वरही शंभराहून अधिक भारतीय कर्मचारी होते. एप्रिल २०२० मध्ये 'मरेला डिस्कव्हरी' हे जहाज मुंबईजवळ येऊन थांबले असता, त्यावरील गोवेकरांसह भारतीय कर्मचाऱ्यांना उतरण्यासाठी केंद्र सरकारच्या नव्या कार्यपद्धतीची वाट पाहावी लागली; २३ एप्रिल रोजी ते उतरू शकले. मायदेश समोर असूनही परके ठरण्याचा अनुभव मनिलापुरता मर्यादित नव्हता.

परिचारिका आणि लसीचा सौदा

परदेशी रुग्णालयांतील फिलिपिनी परिचारिकांची परंपरा अमेरिकी वसाहतकाळापर्यंत मागे जाते. इंग्रजी माध्यमातील अमेरिकी धर्तीच्या शिक्षणामुळे त्यांना अमेरिकेची दारे खुली झाली आणि १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर त्यांची संख्या वाढत गेली. अमेरिकेतील परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, नोंदणीकृत परिचारिकांमध्ये फिलिपिनींचे प्रमाण सुमारे चार टक्के असताना कोविडने मृत झालेल्या परिचारिकांत ते जवळजवळ एकतृतीयांश होते. अतिदक्षता विभाग आणि वृद्धांची शुश्रूषागृहे येथे, रुग्णाच्या अगदी निकट काम करणाऱ्यांत त्यांचा भरणा अधिक होता.

एप्रिल २०२० मध्ये फिलिपाईन्स सरकारने देशातील गरज ओळखून आरोग्यसेवकांचे परदेशगमन तात्पुरते थांबविले, आणि पुढे वर्षाला पाच हजारांची मर्यादा घातली. मायदेशी तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या परिचारिकांना हा निर्णय स्वाभाविकच जाचक वाटला. फेब्रुवारी २०२१ मध्ये फिलिपाईन्सच्या कामगार खात्याने ब्रिटन व जर्मनी यांच्यापुढे असा प्रस्ताव ठेवला, की त्यांनी लसी दिल्यास परिचारिकांवरील मर्यादा शिथिल करता येईल. त्या लसी परदेशी जाणाऱ्या आणि परतणाऱ्या कामगारांसाठीच हव्या होत्या. ब्रिटनने हा प्रस्ताव नाकारला. हेतू कामगारांच्या रक्षणाचा असला, तरी माणसांची संख्या वाटाघाटीचे चलन बनल्याचे या प्रसंगातून दिसते.

घरवापसी

मायदेशी पोहोचल्याने हाल संपले नाहीत. मार्च २०२० पासून लुझॉन बेटावर कडक टाळेबंदी होती. परतलेल्यांना चौदा दिवसांचे विलगीकरण सांगण्यात आले. परंतु चाचणीचे अहवाल वेळेवर न मिळाल्याने अनेकांना मनिलातील केंद्रांत महिना-महिना काढावा लागला. मेच्या अखेरीस सुमारे २४ हजार कामगार असे खोळंबले होते. दुतेर्ते यांनी त्यांना आठवडाभरात घरी पोहोचविण्याचा आदेश दिला, तेव्हा काही प्रांतांनी संसर्गाच्या भीतीने आपल्याच माणसांना घेण्यास कुरकुर केली. ऑक्टोबरमध्ये सरकारी आरोग्य विमा संस्थेने ९० कोटी पेसोंहून अधिक रक्कम थकविल्याने फिलिपाईन्स रेड क्रॉसने या चाचण्या काही दिवस थांबविल्या, आणि परतलेले कामगार पुन्हा अडकले. भेटवस्तूंनी भरलेल्या 'बालिकबायान' पेटीसह येणाऱ्या आप्ताचे स्वागत करणाऱ्या गावांत, या वेळी त्याच आप्ताकडे संशयाने पाहिले गेले.

रकमेचा अर्थ

या पार्श्वभूमीवर आरंभीच्या आकड्यांकडे पुन्हा पाहता येते. एप्रिल २०२० मध्ये जागतिक बँकेने गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांकडे येणारी अशी रक्कम सुमारे २० टक्क्यांनी घटेल असे भाकीत केले होते. फिलिपाईन्सच्या बाबतीत ते खोटे ठरले, आणि २०२१ मध्ये तर रक्कम ३१.४२ अब्ज डॉलरवर गेली. काही अंशी याचे कारण तांत्रिक होते. प्रवास बंद झाल्याने हातोहात रोख नेण्याऐवजी पैसा बँकेमार्फत येऊ लागला. परंतु मूळ कारण कौटुंबिक होते. गावाकडे टाळेबंदीने इतरांचे रोजगार बुडाल्यामुळे परदेशातील कमावत्या माणसावर अधिक तोंडे अवलंबून राहिली. त्याने सुटी टाळली, स्वतःच्या खर्चाला कात्री लावली, शिल्लक मोडली आणि पैसे पाठविले. सरकारी पाहणीनुसार परदेशस्थ कामगारांची संख्या २२ लाखांवरून २०२० मध्ये सुमारे १७ लाख ७० हजारांवर आली. कमी माणसांनी जवळपास तेवढाच भार वाहिला, असे यावरून दिसते.

समारोप

महामारीच्या काळात सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सव्वातीन लाख माणसांना एका वर्षात परत आणणे ही लहान गोष्ट नव्हती. ३० डिसेंबर २०२१ रोजी स्थलांतरित कामगारांसाठी स्वतंत्र खाते निर्माण करणारा कायदाही झाला. परंतु रोगाला सीमा नसल्या, तरी कामगाराला दोन्ही बाजूंनी सीमा होत्या. परक्या देशाने त्याला श्रमापुरते स्वीकारले, आणि मायदेशाने पैशापुरते. आजारपण, बेकारी आणि परतणे या तिन्ही प्रसंगांची तरतूद करारात नव्हती; ती त्याच्या कुटुंबाने केली.

१९२० च्या मळ्यांपासून २०२२ च्या हाँगकाँगपर्यंत एक धागा सलग दिसतो. ज्याचे घर, परवाना आणि कर्ज ही तिन्ही दुसऱ्याच्या हाती आहेत, त्याला साथीच्या दिवसांत आजारी पडण्याची मुभा नसते. २०२० नंतरच्या तीन वर्षांत परदेशी जाणाऱ्यांची संख्या पुन्हा वाढत गेली. 'नवे वीर' हे बिरुद कायम आहे. वीरांच्या गौरवाची भाषा हक्कांच्या भाषेची जागा घेऊ शकत नाही, हेच या काळाच्या इतिहासाचे सांगणे आहे. पुढील साथीपूर्वी राहण्याची सोय नोकरीपासून वेगळी करणे, परतीच्या खर्चाची जबाबदारी निश्चित करणे आणि आजारपणात वेतन चालू ठेवणे या तीन गोष्टी करारात लिहिल्या गेल्या, तर त्या वर्षांतील भोग काही अंशी तरी सार्थकी लागतील.